मोटारीतील फ्यूज आणि लघुपरिपथन : कारणमीमांसा, दोषशोधन व उपाय

सारांश

मोटारीतील फ्यूज वारंवार जाणे ही वाहनधारकांच्या नित्य परिचयाची घटना आहे. तिच्यामागील भौतिक तत्त्व शालेय पाठ्यपुस्तकात शिकविले जात असले, तरी प्रत्यक्ष व्यवहारात जास्त क्षमतेचा फ्यूज बसविणे किंवा फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणे असे घातक उपाय सर्रास योजले जातात. फ्यूज हा उपकरणाचा नसून मुख्यतः तारेचा रक्षक आहे, ही बाब प्रस्तुत लेखात आकडेमोडीच्या आधारे स्पष्ट केली असून दोष शोधण्याची सुरक्षित पद्धतीही मांडली आहे.

बीजसंज्ञा : फ्यूज, वितळतार, लघुपरिपथन, अतिभार, विद्युतधारेचा औष्णिक परिणाम, मोटार.

१. प्रस्तावना

एखाद्या मोटारीला लागलेल्या आगीचे वृत्त वाचताना ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागली’ असा निष्कर्ष बहुधा शेवटी दिलेला असतो आणि कारणमीमांसा तेथेच थांबते. वस्तुतः हे विधान अपुरे आहे. योग्य फ्यूज जागेवर असताना त्या परिपथात लघुपरिपथन झाले, तर त्याचा शेवट एक फ्यूज वितळण्यात व्हावयास हवा. तसे न होता आग लागली असेल, तर लघुपरिपथन झाले तेव्हा फ्यूज काय करीत होता, हा पुढचा प्रश्न उपस्थित होतो. तो फ्यूज बदललेला होता काय, त्या तारेला फ्यूज होता काय, की फ्यूजला ओळखताच न येणारा दोष तेथे होता? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी फ्यूजचे कार्य नेमके समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) मोटारीतील विद्युत परिपथाचे वेगळेपण स्पष्ट करणे. (२) अतिभार व लघुपरिपथन यांतील भेद दाखविणे. (३) फ्यूजची क्षमता बदलण्याचे परिणाम आकडेमोडीने तपासणे. (४) दोष शोधण्याची क्रमबद्ध पद्धत मांडणे.

२. संकल्पनेची पार्श्वभूमी

तारेतून विद्युतधारा वाहताना निर्माण होणारी उष्णता ही धारेचा वर्ग, तारेचा रोध आणि काळ यांच्या गुणाकाराइतकी असते, हा जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा नियम सर्वपरिचित आहे. विद्युतधारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. परिपथातील एक छोटा भाग हेतुपुरस्सर दुर्बळ ठेवला, तर धारा वाढताच तो प्रथम वितळेल आणि उर्वरित परिपथ वाचेल, ही फ्यूजमागील कल्पना आहे. तारायंत्राच्या केंद्रांचे विजेपासून रक्षण करण्यासाठी अशा बारीक तारांचा वापर करावा, असे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई ब्रेगे यांनी १८४७ मध्ये सुचविले होते. पुढे थॉमस एडिसन यांनी आपल्या विद्युतपुरवठा योजनेचा भाग म्हणून १८९० मध्ये फ्यूजचे एकस्व घेतले. तारेची जाडी आणि ती वितळविणारी धारा यांचा संबंध विल्यम हेन्री प्रीस यांनी १८८० च्या दशकात प्रयोगांनी निश्चित केला. त्यांच्या सूत्रानुसार हवेत ताणलेली १ मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार वितळण्यास सुमारे ८० अ‍ॅम्पिअर धारा लागते. या आकड्याचा उपयोग पुढे होणार आहे.

जुन्या मोटारींत काचनळीतील किंवा चिनीमातीच्या कांडीवरील फ्यूज असत. १९७० च्या दशकात दोन चपट्या पात्यांचा, रंगीत प्लॅस्टिकच्या वेष्टनातील फ्यूज प्रचारात आला आणि आज बहुतेक मोटारींत तोच आढळतो. त्यातील वितळणारा भाग सामान्यतः जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. जस्ताचा द्रवणांक सुमारे ४२० अंश सेल्सिअस, तर तांब्याचा १०८५ अंश सेल्सिअस आहे. हा फरक ध्यानात ठेवावा. फ्यूजच्या रंगावरून त्याची क्षमता ओळखता येते : फिकट तपकिरी ५, तपकिरी ७.५, लाल १०, निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५ आणि हिरवा ३० अ‍ॅम्पिअर.

३. मोटारीतील परिपथाचे वेगळेपण

घरातील पुरवठा २३० व्होल्टचा, तर सर्वसाधारण मोटारीतील १२ व्होल्टचा असतो. पूर्ण भारित बॅटरीचे विभवांतर सुमारे १२.६ व्होल्ट असते आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे ते सुमारे १४ व्होल्टपर्यंत जाते. एवढ्या विभवांतराला हात लागला तरी सामान्यतः झटका बसत नाही. यावरून मोटारीतील वीज निरुपद्रवी आहे, असा समज रूढ झाला आहे. तो दोन कारणांनी चुकीचा ठरतो.

पहिले कारण बॅटरीचा अंतर्गत रोध हे होय. शिसे-आम्ल बॅटरीचा अंतर्गत रोध काही सहस्रांश ओहम इतकाच असतो. म्हणून तिची दोन टोके थेट जोडली गेल्यास शेकडो, प्रसंगी हजाराहून अधिक अ‍ॅम्पिअर धारा वाहू शकते. दुसरे कारण परिपथाच्या रचनेत आहे. बहुतेक मोटारींत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेले असते. दिव्यापर्यंत किंवा मोटरपर्यंत एक तार जाते आणि परतीचा मार्ग हा सांगाडा पुरवितो. गॅरेजच्या भाषेत यालाच ‘अर्थ’ म्हणतात. तारेची बचत होत असली, तरी गाडीचा प्रत्येक उघडा पत्रा हा ऋण टोकाचा विस्तार बनतो. धन टोकाकडून येणाऱ्या तारेचे आवरण कोठेही घासून निघाले आणि तांबे पत्र्याला टेकले, की लघुपरिपथन पूर्ण होते.

४. अतिभार आणि लघुपरिपथन

फ्यूज दोन भिन्न कारणांनी जातो. उपकरण आपल्या मार्गाने, परंतु मर्यादेपेक्षा अधिक धारा घेऊ लागले, तर तो अतिभार होय. पावसाळ्यात काचेवर चिखल साचून वायपर अडकला, तर त्याची मोटर फिरत नाही. फिरणाऱ्या मोटरमध्ये निर्माण होणारे विरोधी विभव नाहीसे होते आणि धारा कित्येक पटींनी वाढते. मूळ ५५ वॅटच्या दिव्यांऐवजी ९० वॅटचे दिवे बसविणे, हेही अतिभाराचेच उदाहरण आहे. १२ व्होल्टला ५५ वॅटचे दोन दिवे सुमारे ९ अ‍ॅम्पिअर, तर ९० वॅटचे दोन दिवे १५ अ‍ॅम्पिअर धारा घेतात. उपकरणाला वगळून धारेला जवळचा, अत्यल्प रोधाचा मार्ग मिळाला, तर ते लघुपरिपथन होय.

या दोन्ही दोषांना फ्यूजचा प्रतिसाद सारखा नसतो. प्रचलित मानकांनुसार पात्याच्या फ्यूजने क्षमतेच्या ११० टक्के धारा किमान १०० तास वाहून न्यावी लागते. १३५ टक्क्यांना तो १० मिनिटांच्या आत, २०० टक्क्यांना ५ सेकंदांच्या आत आणि ६०० टक्क्यांना ०.१ सेकंदाच्या आत वितळणे अपेक्षित असते. म्हणजेच ‘१० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज’ ११ अ‍ॅम्पिअरला तत्काळ जातो, हा समज बरोबर नाही. थोड्याशा अतिभाराकडे तो बराच काळ दुर्लक्ष करतो आणि लघुपरिपथनाला निमिषार्धात तोडतो.

५. फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

एका उदाहरणाने ही बाब स्पष्ट होईल. १ चौरस मिलिमीटर काटछेदाची, ३ मीटर लांबीची तांब्याची तार घेऊ. तिचा रोध सुमारे ०.०५२ ओहम भरतो. बॅटरी, सांधे व परतीचा मार्ग यांचा रोध ०.०१० ओहम धरल्यास एकूण रोध ०.०६२ ओहम होतो. या तारेचे दूरचे टोक पत्र्याला टेकले, तर सुमारे २०० अ‍ॅम्पिअर धारा वाहू लागेल आणि एकट्या तारेत दर सेकंदाला सुमारे २००० ज्यूल उष्णता निर्माण होईल. पाणी तापविण्याच्या मोठ्या विद्युत कांडीची ही शक्ती आहे. मात्र येथे ती अवघ्या २७ ग्रॅम तांब्यात एकवटलेली असते. परिणामी तारेचे तापमान प्रारंभी सेकंदाला सुमारे २०० अंश या वेगाने वाढेल. पीव्हीसीचे आवरण सुमारे १०० अंशांच्या पुढे मऊ पडून निकामी होऊ लागते. म्हणजे अर्ध्या सेकंदातच आवरण धोक्यात येते.

या परिपथात १० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज असेल, तर धारा त्याच्या क्षमतेच्या वीसपट असल्याने तो ०.१ सेकंदाच्याही आत वितळेल. तेवढ्या अवधीत तारेचे तापमान फार तर २० अंशांनी वाढेल आणि तार सुखरूप राहील. फ्यूजची क्षमता ही उपकरणाच्या गरजेहून अधिक, परंतु तारेच्या सहनशक्तीहून कमी का ठेवली जाते, याचे उत्तर येथे मिळते.

आता याच ठिकाणी ३० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज बसविला असे समजू. पूर्ण लघुपरिपथन झाल्यास हा फ्यूजही त्वरित जाईल. त्यामुळे ‘मोठा फ्यूज घातला तरी काही बिघडले नाही’ असा अनुभव वाहनधारकाला येतो. खरा धोका अतिभाराच्या वेळी उद्भवतो. अडकलेल्या मोटरमुळे २५ अ‍ॅम्पिअर धारा वाहू लागली, तर १० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज काही सेकंदांतच परिपथ तोडेल. ३० अ‍ॅम्पिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने मात्र सर्व काही सुरळीत असेल. १० अ‍ॅम्पिअरला तारेत दर मीटरमागे सुमारे १.७ वॅट उष्णता निर्माण होते. २५ अ‍ॅम्पिअरला ती सुमारे ११ वॅट होते. तार मोकळ्या हवेत असती तर ही उष्णता काही अंशी निघून गेली असती. मोटारीत तारा जुडग्याने बांधून, टेप गुंडाळून, गालिच्याखालून व डॅशबोर्डमागून नेलेल्या असतात. तेथे उष्णता साठत जाते, शेजारच्या तारांची आवरणेही मऊ पडतात आणि एका परिपथातील अतिभाराचे रूपांतर अनेक परिपथांतील लघुपरिपथनात होते.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणे याहून गंभीर आहे. प्रीस यांच्या सूत्रानुसार ०.३ मिलिमीटर व्यासाचा एक धागा वितळण्यास सुमारे १३ अ‍ॅम्पिअर लागतात. तीन धागे एकत्र पिळले, की हा आकडा ४० च्या घरात जातो. १ मिलिमीटरची तार घातल्यास तिचा काटछेद मूळ तारेच्या काटछेदाच्या जवळपास जातो आणि आधी कोण वितळणार, हे सांगता येत नाही. सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद गुंडाळण्याची जुनी युक्तीही तितकीच अविश्वसनीय आहे; कारण तो किती धारेला वितळेल, हे किती घड्या घातल्या यावर अवलंबून असते.

६. फ्यूजच्या मर्यादा

फ्यूज केवळ धारा ओळखतो. सैल किंवा गंजलेल्या सांध्याचा रोध ०.१ ओहम असेल आणि त्यातून ८ अ‍ॅम्पिअर धारा जात असेल, तर त्या एका बिंदूवर ६ वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. वाढलेल्या रोधामुळे धारा किंचित कमीच होते. म्हणून फ्यूज जात नाही. कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत आणि पाणी शिरलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये असे सांधे विशेषत्वाने संभवतात. त्याचप्रमाणे बॅटरीकडून स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड तारेला अनेक मोटारींत फ्यूज नसतो, कारण स्टार्टरला क्षणभर शंभराहून अधिक अ‍ॅम्पिअर धारा लागते. बाहेरून बसविलेला हॉर्न, दिवे किंवा ध्वनियंत्रणा यांना थेट बॅटरीवरून जोडणी दिली आणि बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज ठेवला नाही, तर ती तारही अशीच असंरक्षित राहते.

७. दोषशोधनाची पद्धत

७.१ गेलेल्या फ्यूजचे निरीक्षण : फ्यूज टाकून देण्यापूर्वी तो उजेडात पाहावा. धातूचा भाग पूर्ण उडालेला व आतील बाजूस काळसर, चकचकीत थर असल्यास लघुपरिपथनाची शक्यता अधिक असते. मधोमध शांतपणे वितळलेली फट अतिभार सुचविते. धातू अखंड असून पात्याजवळचे प्लॅस्टिक वितळले असल्यास फ्यूजच्या खोबणीतील पकड सैल झालेली असते. अशा वेळी केवळ फ्यूज बदलून उपयोग होत नाही.

७.२ बदलण्याची रीत : चावी व संबंधित स्विच बंद करावा. फ्यूजच्या झाकणावरील किंवा वाहनाच्या माहितीपुस्तिकेतील तक्त्यावरून योग्य जागा निश्चित करावी. त्याच क्षमतेचा नवा फ्यूज एकदाच बसवावा. तो लगेच गेल्यास दुसरा बसवू नये. दोष कायम असल्याचे ते निदर्शक आहे. सुटा फ्यूज जवळ नसेल, तर ध्वनियंत्रणेसारख्या अनावश्यक परिपथातील तितक्याच क्षमतेचा फ्यूज तात्पुरता वापरता येतो. पावसात घाटामध्ये वायपरचा किंवा रात्री पुढील दिव्यांचा फ्यूज गेल्यास आणि तो टिकत नसल्यास, मोठा फ्यूज घालून प्रवास पुरा करण्यापेक्षा गाडी सुरक्षित जागी थांबविणेच श्रेयस्कर.

७.३ केव्हा जातो, यावरून अनुमान : (अ) चावी बंद असतानाही बसविताक्षणी फ्यूज गेला, तर दोष फ्यूज व स्विच यांच्या दरम्यानच्या तारेत असतो. (आ) स्विच सुरू करताच गेला, तर दोष स्विचच्या पुढील तारेत किंवा उपकरणात असतो. (इ) खड्ड्यात आदळल्यावर, वळणावर किंवा दार उघडताना गेला, तर एखादी तार पत्र्याला घासत असते. (ई) काही मिनिटांनी गेला, तर अतिभाराचा संशय घ्यावा.

७.४ दिव्याची चाचणी : फ्यूज काढून त्याच्या दोन खोबण्यांमध्ये १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा जोडावा. हा दिवा १.७५ अ‍ॅम्पिअरहून विशेष अधिक धारा जाऊ देत नाही. त्यामुळे लघुपरिपथन कायम असतानाही तारा तापत नाहीत आणि फ्यूज वाया जात नाहीत. त्या परिपथावरील सर्व उपकरणे एकेक करून सोडवावीत. सर्व सोडविल्यावरही दिवा पूर्ण तेजाने पेटत राहिला, तर दोष तारेत आहे. मग तार टप्प्याटप्प्याने हलवून पाहावी. ज्या ठिकाणी दिवा विझतो वा लुकलुकतो, त्याच्या आसपास दोष सापडतो. एखादे उपकरण सोडविताच दिवा विझला, तर त्या उपकरणाची स्वतंत्र तपासणी करावी.

उपकरणे सोडविण्याची अट महत्त्वाची आहे. ५५ वॅटच्या दिव्याचा पेटलेल्या अवस्थेतील रोध सुमारे २.६ ओहम असतो. थंड असताना तो त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. त्यामुळे मल्टिमीटरवर निर्दोष दिवाही लघुपरिपथनासारखा भासतो. मल्टिमीटरने रोध मोजावयाचा असल्यास बॅटरी आधी सोडवावी.

७.५ संशयित जागा : दाराच्या बिजागरीजवळील रबरी नळी, डिकीच्या झाकणाकडे जाणाऱ्या तारा, आसनाच्या सरकपट्टीखालील तारा, इंजिन आणि प्रवासी कक्ष यांमधील पत्र्याचे भोक, धुरांड्याच्या जवळून गेलेल्या तारा आणि नंतर जोडलेले प्रत्येक उपकरण या जागा प्रथम पाहाव्यात. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी तारा कुरतडणे, हेही आपल्याकडील नेहमीचे कारण आहे.

७.६ दक्षता : बॅटरी सोडविताना ऋण टोक प्रथम काढावे व जोडताना शेवटी जोडावे. धन टोकावरील पाना चुकून पत्र्याला लागल्यास फ्यूजविरहित लघुपरिपथन होते. ऋण टोक आधीच सुटलेले असेल, तर तो मार्गच उरत नाही. एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या वेष्टनातील, तारांना चाचणीचा दिवा लावू नये. इंजिन नियंत्रण संगणकाचे परिपथ आणि विद्युत वा संकरित मोटारींतील नारिंगी रंगाच्या उच्च विभवाच्या तारा प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवाव्यात. जळका वास वा धूर आल्यास गाडी थांबवून, चावी बंद करून सर्वांनी प्रथम बाहेर पडावे. बॉनेट पूर्ण उघडू नये, कारण आत एकदम हवा मिळून आग भडकते. दूर जाऊन १०१ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

८. अध्यापनातील उपयोग

विद्युतधारेचा औष्णिक परिणाम शिकविताना मोटारीतील फ्यूज हे उत्तम अध्ययन साहित्य ठरते. धारा मर्यादित करण्याची सोय असलेला वीजपुरवठा वापरून निरनिराळ्या जाडीच्या फ्यूज तारा वितळण्याची धारा विद्यार्थ्यांना मोजता येईल आणि प्रीस यांचे सूत्र पडताळता येईल. मोटारीची बॅटरी मात्र या प्रयोगासाठी थेट वापरू नये. पाचव्या भागातील तारेच्या तापमानवाढीचे उदाहरण ओहमचा नियम, ज्यूलचा नियम आणि विशिष्ट उष्मा या तिन्ही संकल्पना एकत्र आणते. विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही गेलेले फ्यूज हाताळून दोषाचे अनुमान करावयास सांगता येईल.

९. निष्कर्ष

१. फ्यूजची क्षमता तारेच्या जाडीशी निगडित असते. तार न बदलता ती वाढविणे म्हणजे तारेलाच फ्यूज बनविणे होय.
२. मोठ्या फ्यूजचा धोका पूर्ण लघुपरिपथनापेक्षा दीर्घकाळ टिकणाऱ्या अतिभारात अधिक असतो. म्हणूनच तो लवकर लक्षात येत नाही.
३. सैल सांधे आणि फ्यूजविना जोडलेली उपकरणे यांपासून फ्यूज रक्षण करू शकत नाही; त्यासाठी नियमित तपासणी आवश्यक आहे.
४. एकदा बदललेला फ्यूज पुन्हा गेल्यास दोषशोधन अनिवार्य आहे आणि एका साध्या दिव्याच्या साहाय्याने ते शक्य आहे.

यापुढे ‘शॉर्ट सर्किटमुळे आग’ असे वाचण्यात आल्यास, त्या तारेवरचा फ्यूज किती अ‍ॅम्पिअरचा होता, हा प्रश्न अभ्यासकाने अवश्य विचारावा. स्वतःच्या वाहनातील फ्यूजपेटी एकदा उघडून तोच प्रश्न तेथेही विचारता येईल. झाकणावरील तक्ता आणि आतील रंग जुळतात किंवा नाही, हे पाहण्यास पाच मिनिटे पुरेशी आहेत.